शिळी खबर

वाऱ्याचा इशारा दहा वाजता सुटला होता. पावणेअकरा झाले तरी महिपतच्या फोनवर तो पोचला नव्हता.

काशी चपला न काढताच मच्छीमार संस्थेच्या खोलीत शिरली. तिचा नवरा महिपत आरे-वारेच्या समोर समुद्रात जाळं टाकून बसला होता.

"अक्षे, माझ्या फोनवर इशारा केव्हाच आला. मी किनाऱ्यावर. मला काय करायचाय? ह्यांना पोचला काय? फोन लावला तर लागत नाय."

अक्षयाने संस्थेसाठी ॲप लिहिलं होतं. तिने संगणकाचा पडदा बघितला आणि तिचे कान तापले. महिपतच्या नावापुढे साडेपाच लाखांवर निरोप तुंबले होते. दोनशे होड्या, प्रत्येकीची जागा दर सेकंदाला, प्रत्येक फोनला. किनाऱ्यावरचे फोन सगळं गिळत होते. समुद्रात रेंजचा धागा बारीक. तिथे दहाच्या आधीच्या जागा अजून एकामागून एक चालल्या होत्या, आणि इशारा सगळ्यांच्या मागे, मुकाट.

"साडेपाच लाख?" काशी म्हणाली. "कसले?"

"कुठली होडी कुठे होती, त्याचे."

"होती? माझा बापूस रापणीचं जाळं ओढताना उंच खडपावर चढून उभा राहायचा. मासा वळला की ओढणाऱ्यांना पंचा हलवून दाखवायचा. मघाशी मासा कुठं होता, ते नाय सांगायचा कुणाला."

अक्षयाने मान वर केली नाही. हेच ती दोन महिन्यांपूर्वी विनीतला म्हणाली होती. ॲपचं काम तिच्या साहेबाच्या, पलीकडे बसलेल्या विनीतच्या, हाती होतं. संस्थेत येणाऱ्या पाहुण्यांना पडद्यावर मुंग्यांसारख्या होड्या दाखवायची त्याला भारी हौस. "एकही निरोप गाळायचा नाही," म्हणाला होता. आणि तिने तसंच लिहून दिलं होतं. हा राग तिचा तिलाच जास्त चावत होता.

तिने रांग पुसायला घेतली.

"थांब," विनीत खुर्चीतून उठला. "नोंदी जातील."

"नोंदी आपल्याकडे आहेत, सर. मी रांग फेकतेय."

"कुणाला विचारून?"

"ह्यांना," अक्षया काशीकडे बघत म्हणाली. काशीने पदर कमरेला खोचला आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

जुनं सगळं गेलं. इशारा पुढे. मागून फक्त जवळच्या होड्यांची ताजी जागा, तीही बदलली तरच. महिपतच्या नावापुढे खूण उमटली: पोचला.

पडद्यावरचा ठिपका जागचा हलेना. काशी त्याच्याकडे असं बघत होती, जणू नजरेनेच दोर ओढतेय. मग ठिपका वळला. त्याच वेळी छपराचा पत्रा वाजायला लागला.

तासाभराने होडी धक्क्याला लागली, जाळ्याशिवाय. महिपत नखशिखांत भिजलेला.

"तुझा इशारा आला आणि मागोमाग वारा, बाय," तो अक्षयाला हसत म्हणाला. "ओढायला वेळच नव्हता. कापलं जाळं."

"हसू नका," काशी म्हणाली. तिने त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, बोटं मोजली. मग अक्षयाकडे वळली.

"पाऊण तास आधी कळलं असतं तर जाळं घरी आलं असतं. ते मी विणलं होतं गो. सबंध पावसाळा."

काशीने नवऱ्याचं मनगट धरलं आणि दोघं निघाली.