चौदाव्या सीनच्या चिठ्ठ्या

आमच्या मालिकेचं नाव ‘यान आमचं भाड्याचं’. एक कुटुंब भाड्याच्या अंतराळयानात राहतं, यान सारखं बिघडतं आणि मालक फोन उचलत नाही, एवढ्या कथानकावर आम्ही सहा वर्षं काढली. माझं काम कंटिन्युइटीचं. कोणाच्या कुठल्या हातात कप होता, अंतराळपोशाखाची चेन कुठवर ओढली होती, हे लक्षात ठेवायचं. प्लायवुडचं यान प्रकाशाच्या वेगाने जातं हे प्रेक्षक निमूटपणे मान्य करतात. कप डावीकडून उजवीकडे गेला की मात्र तक्रारी येतात.

यानातल्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी मावशी. सेटवर सगळेच तिला मावशी म्हणतात, मी हक्काने म्हणते. माय मरो पण मावशी जगो, अशी म्हण आहे. त्यातला पहिला भाग माझ्या अकराव्या वर्षीच उरकला. दुसरा मावशीने मनावर घेतला, मला वाढवलं, याच धंद्यात चिकटवलं, आणि अजूनही माझ्या डब्यात डोकावून नाक मुरडते.

गेल्या वर्षापासून तिचं पाठांतर सुटायला लागलं. आधी एखादा शब्द, मग ओळ, मग अख्खं पान. त्यातच चॅनलने रिटेकचा तक्ता सुरू केला. एका भागात ज्याच्यामुळे दहाच्या वर रिटेक होतील, त्याच्या जागी दुसरा माणूस. तक्ता भरणारी मीच असल्याने मावशीचे रिटेक मी इमानेइतबारे लाइटवाल्याच्या नावावर टाकत गेले. त्याला कोणी काढणं शक्य नव्हतं, कारण यानाचं वायरिंग फक्त त्यालाच कळतं. तो माझ्याशी बोलेनासा झाला, ते एका अर्थी बरंच झालं.

मग मी चिठ्ठ्या लावायला लागले. मावशीची वाक्यं ठळक अक्षरांत लिहून ऑक्सिजनच्या नळकांड्यामागे, जेवणाच्या यंत्राच्या झाकणात, जावयाच्या पाठीवर. कॅमेऱ्याला काय दिसत नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मावशी बोलता बोलता सेटभर फिरून एकेक वाक्य वेचायची. दिग्दर्शक म्हणायचा, “या वयात काय चपळाई आहे हो!” मी मान डोलवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एके दिवशी चॅनलच्या बाई सेटवर आल्या. “मावशींचं काम जरा जवळून बघायचंय,” म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

स्वयंपाकघरात दोन सीन होते. नवव्यात ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि सासू जावयाला फैलावर घेते. चौदाव्यात लेक चाळीस वर्षांच्या प्रवासाला निघते आणि आई तिला निरोप देते. आधी चौदावा करायचं ठरलं होतं, म्हणून मी त्याच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या. मग लेक ज्यात बसून जाणार त्या कुपीचं दार अडकलं. सुतार येईपर्यंत नववा उरकू, असं दिग्दर्शक म्हणाला. मी धावत जाऊन कप, चमचे, टोपणं, सगळं नवव्याचं करून आले. चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या.

कॅमेरा सुरू झाला. जावई म्हणाला, “सासूबाई, ऑक्सिजन दोन तासांचाच उरलाय.”

मावशीने नळकांड्यामागे पाहिलं. क्षणभर थांबली. मग फार मायेने म्हणाली, “जा बाळा. पोचल्यावर कळव. चाळीस वर्षं लागली तरी चालेल.”

जावयाने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर, गोष्टीपुरतं, अंतराळ होतं.

“आत्ताच जाऊ?”

मावशीने यंत्राचं झाकण उघडलं. “तुझ्याशिवाय घर खायला उठेल. पण माझा विचार करू नकोस.”

“माझा पोशाख धुवायला टाकलाय, सासूबाई.”

मावशी त्याच्या मागे गेली, पाठीवरून हात फिरवला आणि वाचलं, “अंगावर आहे तेवढं पुरे. उशीर नको.”

चॅनलच्या बाई हसून हसून खुर्चीतून खाली पडायच्या बेतात होत्या. दिग्दर्शक तोंडात रुमाल कोंबून हसत होता. कट झाल्यावर टाळ्या पडल्या आणि मावशी मेकअपच्या खोलीत निघून गेली. मी मागोमाग गेले.

“चिठ्ठ्या चुकीच्या होत्या,” ती आरशात बघत म्हणाली.

“कळलं होतं? मग थांबली का नाहीस गं?”

“बरोबर काय होतं ते आठवलं असतं तर थांबले असते.” तिने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. “पहाटे चारला उठून घोकते मी. अंघोळीला जाईपर्यंत सगळं साफ.”

तेवढ्यात चॅनलच्या बाई आत आल्या. “मावशी, तुम्हाला आम्ही ओळखलंच नव्हतं! निरोपाची वाक्यं तर तुम्ही वापरून टाकलीत. आता नवीन लिहायची नाहीत. सुचेल ते बोला. यापुढे दर भागात तुमचा एक सीन असाच, न लिहिलेला.”

मावशी म्हणाली, “बरं.”

दार दुरुस्त झालं. चौदावा सीन लागला. मुलीचं काम करणारी म्हणाली, “आई, निघते मी.”

मावशीने नळकांड्यामागे पाहिलं. चिठ्ठ्या मी काढून टाकल्या होत्या, तिथे काही नव्हतं. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून एका पुठ्ठ्यावर घाईघाईने ‘सुखी राहा’ असं लिहून वर धरलं. तिने ते वाचलं, आणि नकारार्थी मान हलवली.

“तू कशाला जातेस?” ती मुलीला म्हणाली. “तुझे दिवस आहेत कामाचे. मी आता नुसती अडून राहिलेय इथं, आणि तू मला सावरत बसलीयेस. राहा तू. मी जाते.”

ती कुपीत जाऊन बसली. पट्टा बांधला. दार ओढून घेतलं. मुलगी खरोखरच रडायला लागली, तिला पुढचं काही सांगितलंच नव्हतं.

कट झाल्यावर लेखकाने डोक्याला हात लावला. “आता यांना परत कसं आणायचं?”

“आणू नकोस,” आतून आवाज आला. प्लायवुडच ते, सगळ्यांना ऐकू गेलं. चॅनलच्या बाई काहीतरी बोलायला गेल्या, मग त्यांनीही हात टेकले.

मला आधी राग आला. इतकी लबाडी मी कोणासाठी केली? तावातावाने जाऊन मी दार उघडलं. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती.

“बरं झालं का गं?”

“छान झालं.”

“मग उद्यासाठी काही पाठ करायचं नाही ना?”

“नाही, मावशी.”

“नक्की?”

“नक्की. आता काहीच नाही.”

तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला माझीच लाज वाटली. वर्षभर मी तिचं काम वाचवत होते, आणि तिला ते हवंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं.