रोडग्यांनी उभी केलेली खोली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुमच्यासमोर एक तळं आहे. तळ्याच्या एका काठावर चिंचेचं झाड, दुसऱ्या काठापर्यंत आलेली संत्र्याची बाग, आणि मधोमध पाण्यावर डुलणारी भगव्या रंगाची परदेशी बदकं. दिसली? आता चिंचेच्या डाव्या हाताला बघा. छपराची गंजलेली टिनं, चार बाभळीचे खांब आणि एक दार, एवढंच काहीतरी उभं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही, तरी दार मात्र बंद आहे.

हसू नका. ती मी, गेल्या होळीआधीची. मी एक जुनी खोली आहे.

मोर्शीच्या पुढे आठ कोसांवर माझा जन्म झाला. शालिकराम नावाच्या बागाईतदारानं बागेची राखण करायला आणि पाण्याचं इंजिन ठेवायला मला बांधलं. भिंती तुराट्यांच्या. तुरीच्या वाळक्या काड्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर चिखल-शेणाचा गिलावा द्यायचा. उन्हाळ्यात मी इतकी गार असायची, की राखणदार बागेपेक्षा माझीच राखण जास्त करायचा. संत्री तोडली की माझ्यात ढीग लागायचे. तो वास चैत्रापर्यंत अंगाला राहायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, "खोली असावी तं अशी!" मी फार फुगायची. इतकी, की एका पावसाळ्यात गिलावा फुगून पडला.

पुढे विजेची मोटर आली आणि थेट विहिरीत उतरली. इंजिन भंगारात गेलं. राखणदार गेला. मग बकऱ्या आल्या. त्यांनी माझ्या भिंतींना अंग घासून घासून त्या भुईसपाट केल्या. एक घोरपड तेवढी वर्षभर भाडेकरू म्हणून राहिली, पण शेवटी भिंती नाहीत म्हणून तीही सोडून गेली.

शालिकरामांचा मुलगा खुशालराव एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर तो एकदा नातीला बदकं दाखवायला तळ्यावर घेऊन आला. नातीचं नाव पौर्णिमा, वय वर्षं दहा. तिनं माझं दार उघडलं, आत आली, मागे वळून दार लावलं आणि म्हणाली, "आबा, ही खोली नीट करा ना. इथे बसलं की बदकांना आपण दिसणार नाही."

बदकांना तेव्हा ती चारही बाजूंनी दिसत होती. पण खुशालरावाला ते बोलणं लागलं. घरी जाऊन त्यानं बेत सांगितला.

त्याची बायको मैनाबाई गोठ्यावर घालायला दोन वर्षांपासून टिनं मागत होती. तिनं अट घातली. "होळीच्या आदल्या दिवसापर्यंत चार भिंती उभ्या दिसल्या पायजेत. नाई दिसल्या, तं टिनं माह्या गोठ्यावर अन् खांब गावच्या होळीत. होळीची लाकडं गोळा करते त्या कुंदनले सांगून ठेवते, ट्रॉली घेऊन येईन तो."

हे मला कसं कळलं? पौर्णिमानं पुढच्या रविवारी माझ्या खांबाला टेकून सगळं सांगितलं. ऐकून माझी टिनं वाऱ्याशिवाय वाजली.

पण खुशालराव एकटा नव्हता. त्याचे दोन जिवलग मित्र होते. किसनराव एसटीचा ड्रायव्हर. रामराव गवंडी, म्हणायचा, "अर्ध्या मोर्शीच्या भिंती म्या बांधल्या." पहिल्या रविवारी तिघं बैलगाडीभर तुराट्या घेऊन आले. तुराट्यांच्या वीस पेंढ्या पाहून मला भरून आलं.

"चाला, लागा कामाले," खुशालराव म्हणाला.

"उपाशी?" किसनराव थबकला. "अरे, दोस्ताले मदतीले बलावलं, तं आधी रोडगे लावतेत का नाई?"

मित्रांनो, वऱ्हाडात मदतीला माणूस बोलावला आणि रोडगे केले नाहीत, तर तो मदत करतो, पण बोलत नाही. गव्हाच्या जाडसर पिठाचे ते गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी. किसनरावाचा हात त्यात असा बसलेला, की डेपोत त्याच्या गाडीपेक्षा त्याच्या रोडग्यांची वाट जास्त पाहिली जायची.

चिंचेखाली गोवऱ्या रचल्या. त्या पेटेनात. किसनरावानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या तुराट्यांची एक पेंढी ओढली.

"एकच घेतो," तो म्हणाला.

जेवण झालं. तिघंही चिंचेखाली आडवे झाले. उठले तेव्हा सूर्यही आडवा झाला होता.

दुसऱ्या रविवारी रामरावानं दोरी लावून मापं घेतली. मापं घेऊन भूक लागली. सहा पेंढ्या गेल्या. तिसऱ्या रविवारी पाच गेल्या. चौथ्या रविवारी तुराट्या ओल्या लागल्या म्हणून किसनरावानं माझं दार उचकटलं.

"सागाचं हाय," तो कौतुकानं म्हणाला. "मस्त पेटंन."

आणि मस्त पेटलं. माझ्याच दारावर भाजलेले रोडगे माझ्यासमोर बसून त्यांनी खाल्ले. वर म्हणाले, आजच्यासारखे कधी झाले नव्हते!

तेवढ्यात मैनाबाई आली. तिनं राखेचा ढीग पाहिला, भिंतीच्या जागी मोकळं आभाळ पाहिलं.

"काहून जी, तुमी भिंती बांधून राहिले का राख करून राहिले?"

"अवं, मानसं कामाले आनली तं खाऊ घालावं लागते ना," खुशालराव बोट चाटत म्हणाला.

"खा, खा. पुढच्या रैवारी कुंदन येते."

पौर्णिमानं त्या दिवशी रोडगा खाल्ला नाही. दार होतं त्या जागी ती गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली. मला वाटलं, तिच्या डोक्यावर थोडी सावली सरकवावी. पण टिनांना सरकता येत नाही.

शेवटचा रविवार उजाडला, होळीच्या आदल्या दिवसाचा. पेंढ्या आठ उरल्या होत्या, आणि त्या दिवशी तळ्यावरून वारा असा सुटला, की चिंचेखाली विस्तव ठरेना. किसनरावानं तीनदा पेटवला, तीनदा विझला. राख उडून रामरावाच्या मिशीत गेली.

"आडोसा पायजे, लेकहो," किसनराव कावला. "आडोशाबिगर रोडगा कच्चा राह्यते."

पौर्णिमा उठून उभी राहिली. "किसनआबा, आडोसा म्हणजे भिंतच ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोटात भूक होती आणि पीठ मळून झालं होतं. कधी नव्हे ती रामरावानं बाही सारली. तळ्याकडच्या बाजूला पाच पेंढ्यांचा कूड तासाभरात उभा राहिला.

"थांबा," रामराव ओरडला. "चिखल लावा आधी! नाईतं रोडग्यासंगं भिंतबी भाजंन."

अशा रीतीनं मला गिलावा मिळाला. किसनरावानं भिंतीमागे विस्तव मांडला. तर वारा वळसा घालून बागेकडून आला! उरलेल्या तीन पेंढ्यांत दुसरी भिंत अर्धीच झाली.

नेमकी तेव्हा कुंदनची ट्रॉली आली. होळीसाठी गोळा केलेल्या तुराट्या, कपाशीच्या पराट्या आणि मोडकी लाकडं तिच्यात खच्चून भरली होती. कुंदन कुऱ्हाड घेऊन उतरला. माझे चारही खांब आतून थरथरले.

मग त्याला अर्धवट भाजलेल्या वांग्यांचा वास आला.

"रोडगे हाय का, आबाजी?"

"हाय," किसनराव उसासा टाकत म्हणाला. "पन भिंत होत नाई तोवर भाजत नाई. अन् तुराट्या सरल्या."

कुंदननं वांग्यांकडे पाहिलं. ट्रॉलीकडे पाहिलं. पुन्हा वांग्यांकडे पाहिलं. "किती पेंढ्या लागंन?"

दुसरी भिंत पुरी झाली. त्यानंतर वारा पडला, पान हलेना. मला वाटलं, संपलं. आता ही मंडळी दोन भिंतींतच जेवून झोपणार! पण विस्तवाची राख पुन्हा उडाली, ती थेट किसनरावाच्या डोळ्यांत.

"अजून येऊनच राह्यला का वारा!" तो डोळे चोळत म्हणाला. "कोनीकडून येते बाप्पा हा? चाल रे कुंदन, तिसरी बांधू."

वारा कुठून येत होता ते मी पाहत होते. उघड्या कोपऱ्यात, खांबाआड, पौर्णिमा दोन्ही हातांनी वांगी आणलेलं सूप हलवत होती. मित्रांनो, मी आयुष्यात खोटं बोलले नाही. पण त्या दिवशी गप्प राहिले.

चौथी बाजू झाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. दारापुरती फट राहिली, तर ट्रॉलीतून कुंदननंच एक जुनं दार ओढून काढलं. रामरावानं ते बसवलं. मग रोडगे भाजले गेले. चिखलाच्या हातांनी खाल्ले गेले, आणि त्या दिवशी जेवल्यावर कुणी आडवं झालं नाही. सगळे माझ्याकडेच बघत बसले.

एवढंच सांगते, मित्रांनो. कुठे एखादी पडकी खोली दिसली, तर जळण म्हणून तिच्याकडे बघू नका. तिच्या आत जाऊन एकदा दार लावून बघा. भिंती नसल्या तरी चालेल.

हां, मैनाबाईचं राहिलं. टिनं अजून का आली नाहीत ते बघायला ती तरातरा आली. चार भिंती पाहून थबकली, मग दाराजवळ गेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अरे कुंदन्या! हे तं माह्या परसाचं दार हाय! काढा पयले!"

होळीची पोरं लोकांच्या परसातून काय काय उचलतात, ते कुंदन सोडून सगळ्यांना आठवलं. मैनाबाईनं दार ढकललं. ते हललं नाही.

आतून कडी लागली होती. मैनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि काय करणार, तिनं दारावर हलकेच थाप मारली.

"कोण आहे?" आतून पौर्णिमानं विचारलं.

"मी हाय. आजी."

"एकटीच आहेस? दार न्यायला आलीस की जेवायला?"

भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर मैनाबाईनं हात टेकला होता, आणि तो काढायचं ती विसरली होती.

"जेवाले," ती म्हणाली.

तेव्हा पौर्णिमानं कडी काढली, तिच्यासाठी झाकून ठेवलेला रोडगा तुपात बुडवून तिच्या हातावर ठेवला, आणि आजी आत येताच दार पुन्हा लावून घेतलं. बदकांना आपण दिसू नये म्हणून.