केतकीला न विचारता

तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत आमचं केंद्र होतं. केंद्र म्हटलं की लोकांना लोखंडी खाटा आणि फिनेलचा वास आठवतो, म्हणून आम्ही नुसतं 'घर' म्हणायचो. भाड्याचा दुमजली बंगला, मागे सीताफळाची दोन झाडं आणि आत तेरा ते अठरा वयाची चौदा मुलं-मुली. कुणी व्हाइटनर हुंगायची सवय लागून शाळेतून गेलेलं, कुणी जेवण टाकून काडी झालेलं, कुणी परीक्षेच्या धास्तीनं स्वतःच्याच जिवावर उठलेलं. डॉक्टर स्वाती कंधारकर हे घर चालवायच्या. मी विमल उमरीकर, नल्लकुंट्याची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, घरी बसून कंटाळले आणि दुपारची इथं यायला लागले. यजमान म्हणायचे, "कायको परेशान होतेस या वयात?" पण बसची वेळ झाली की तेच माझी पिशवी हातात आणून द्यायचे.

घरात रोज संध्याकाळी बैठक व्हायची. सतरंजीवर गोल बसायचं. उद्या भाकऱ्या कोण करणार, बाजारात कोण जाणार, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिथं. डॉक्टरांचा एकच नियम कडक होता: ज्याची गोष्ट त्यानंच सांगायची. दुसऱ्यानं नाही, चांगल्या हेतूनंही नाही.

केतकी आली सन दोन हजारच्या जूनमध्ये. सोळा वर्षांची, पुण्याची. तिचे वडील सुधीर एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होते. कंपनीनं आमच्या शहरात, माधापूरला, नवं ऑफिस काढलं, तेव्हा आदल्या वर्षी ते बिऱ्हाडासकट इकडे आले. मुलीला इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, क्लासला घातलं. क्लास पहाटे पाचला सुरू व्हायचा. तेलुगू भाषा नवी, मैत्रिणी पुण्यात राहिलेल्या. मार्चमध्ये पोरीनं घरातल्या गोळ्या खाल्ल्या. वेळेवर कळलं म्हणून वाचली.

पहिले तीन आठवडे ती माझ्याशेजारी बसून फक्त लसूण सोलायची. सोलून झाला की पाकळ्या मोजल्यासारख्या ओळीनं मांडायची आणि उठून जायची. मग एक दिवस आपणहून चहा टाकला. तेव्हापासून चहा तिच्याकडे आला. कुणाला आलं चालत नाही, कुणाला दूध जास्त लागतं, तिला विचारावं लागायचं नाही. तिच्या खोलीत विद्यानगरची ईशा होती, बोलायला फटकळ. ती म्हणायची, "इसको चाय के बारेमें सब मालूम, खुद के बारेमें कुछ नै मालूम." यावर केतकी पहिल्यांदा हसली.

दर रविवारी तिची आई, अलका, भेटायला यायची. सुधीर गाडी चालवत तिला घेऊन यायचे आणि फाटकापासून लांब, कडुनिंबाखाली, गाडीतच बसून राहायचे. काचा वर केलेल्या. एकदा मी पाणी घेऊन गेले. "आत या की," म्हटलं.

"मी इथंच बरा आहे, काकू," ते म्हणाले आणि पाणी एका घोटात संपवलं.

त्या वर्षी घराला एका ट्रस्टकडून मिळणाऱ्या मदतीची मुदत डिसेंबरात संपत होती. डॉक्टरांनी ते मुलांपासून लपवलं नाही. बैठकीत सरळ सांगितलं. मुलांनीच मग ठरवलं की एका रविवारी लोकांना जेवायला बोलवायचं, आपण रांधायचं, आपणच वाढायचं आणि देतील ती देणगी घ्यायची. एवढ्यानं वर्ष निघणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्याच सुमारास माधापूरच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना यंदा एका संस्थेला मदत करायची होती, त्यासाठी घर बघायला यायचं होतं. कंपनी सुधीरांचीच. डॉक्टरांनी आधी केतकीला विचारलं.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "बाबा काही येणार नाहीत. त्यांना आत यायला जमत नाही."

ठरल्या दिवशी दोन गाड्या आल्या. सहा माणसं उतरली. सगळ्यांत शेवटी सुधीर उतरले. त्यांच्या साहेबांनी ऐन वेळी बरोबर घेतलं होतं, हे पुढं कळलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हा माणूस आता इथंच कोसळतो की काय.

केतकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. वडील दिसल्यावर जागच्या जागी थांबली. मग तिनं पाहुण्यांना एकेक कप दिला. वडिलांपुढं ट्रे धरला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. "थँक यू," सुधीर म्हणाले. मी दारात उभी होते. डॉक्टर खुर्चीत होत्या. आमच्या दोघींच्याही तोंडाला नियमानं कुलूप घातलेलं.

साहेब मोकळ्या स्वभावाचे होते. त्यांनी केतकीला कौतुकानं विचारलं, "छान चहा. कुठली गं तू? वडील काय करतात?"

"पुण्याची," ती म्हणाली. "वडील तिकडंच असतात. शिक्षक आहेत."

सुधीरांनी न पिताच कप बशीत ठेवला. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

जाताना साहेबांनी आपला बेत सांगितला. मोठ्या हॉटेलात कार्यक्रम करायचा. दोन-तीन मुलांनी स्टेजवर येऊन आधी आपण कसे होतो आणि आता कसे आहोत ते बोलायचं. पेपरवाले बोलवायचे, फोटो काढायचे. मग मदत जाहीर करायची. रक्कम त्यांनी सांगितली तेव्हा डॉक्टरांनी नुसता पदर सावरला. दोन वर्षं घर चाललं असतं.

त्या संध्याकाळी बैठकीत आग लागली. केतकीनं ईशाला आधीच सगळं सांगितलं होतं, आणि बैठकीत तिनं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं. ईशा उसळली. "जो आदमी अपने बच्ची को पहचानता नै, उसका पैसा नक्को आपल्याला!"

"पैसे बाबांचे नाहीत, कंपनीचे आहेत," केतकी म्हणाली. बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "आणि ते वाईट नाहीत. घाबरलेत. मी पण घाबरले होते ना, म्हणूनच तर इथं आहे. पैसे घ्या. पण मी स्टेजवर उभी राहणार नाही."

कुणीच उभं राहायला तयार नव्हतं. दोन तास वाद झाला. शेवटी एक पत्र लिहायचं ठरलं. ईशानं इंग्रजीत लिहिलं, मी फक्त शेजारी बसले. मदत हवी आहे, आम्ही आभारी आहोत. पण फोटो नको, स्टेज नको. रविवारी जेवायला या, आमच्या पंगतीत खाली बसा, आपलं ताट आपण घासा. आमच्याविषयी जे विचारायचं ते आम्हाला विचारा. खाली चौदा जणांनी सह्या केल्या, आडनावं न लावता.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मला हळूच म्हणाल्या, "विमलताई, हे पाठवलं तर मदत गेली समजा." आणि त्यांनी ते पाठवलं.

पाच-सहा दिवसांनी, बुधवारी दुपारी, सुधीर एकटेच आले. या वेळी फाटक उघडून आत आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. डॉक्टर बाहेर गेल्या होत्या, म्हणून मी त्यांच्यापाशी बसले.

"काकू, तुमचं पत्र आज मीटिंगमध्ये वाचलं," ते म्हणाले. "लोक हसले. एकजण म्हणाला, मदत घेणारे कधीपासून अटी घालायला लागले? त्या सह्यांमध्ये तिचं नाव होतं. तिचं अक्षर... केतकीचा 'के' ती लहानपणापासून तसाच काढते. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. तुम्हाला चहा दिला ती माझी मुलगी. मी पुण्यातला शिक्षक नाही, इथं तुमच्यासमोर उभा आहे. तिनं मार्चमध्ये काय केलं, तेही सांगितलं. सगळं सांगितलं."

त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या आईलासुद्धा माहीत नाही हो. तिला वाटतं, नात हॉस्टेलवर राहून अभ्यास करते आहे."

माझ्याच्यानं त्या माणसाला दोष देववेना. मी त्यांना कुमुदचं सांगितलं. कुमुद माझी धाकटी बहीण. तरुणपणी तिचं मन बिघडलं, तेव्हा तीन वर्षं ती दवाखान्यात होती. आम्ही सगळ्या गावाला सांगितलं, नांदेडला मावशीकडं राहायला गेली आहे. ती बरी होऊन घरी आली. मग येणारे-जाणारे तिला विचारायचे, नांदेड कसं आहे, गोदावरीला पाणी किती? तिनं नांदेड बघितलेलंही नव्हतं. तरी बिचारी वर्णन करायची. जन्मभर ते न पाहिलेलं गाव तिला सांभाळावं लागलं.

सुधीर खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात केतकी आतून आली. हाताला पीठ होतं.

"केतू," ते उठून म्हणाले, "मी आज ऑफिसात सांगितलं. सगळ्यांना. आता लपवायचं काही नाही."

मला वाटलं, आता ही रडेल, बापाच्या गळ्यात पडेल. पण तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय सांगितलंत?"

"सगळं. गोळ्यांचं पण."

"मला विचारलंत?"

सुधीरांनी तिच्या पिठाच्या हातांकडं पाहिलं.

"लपवायचं तेव्हाही तुम्हीच ठरवलं. सांगायचं तेव्हाही तुम्हीच. क्लास पण तुम्हीच ठरवला होता. बाबा, ती माझी गोष्ट होती. त्या माणसांना मी चहा दिला होता. आता त्यांना माझा चहा नाही आठवणार, गोळ्या आठवतील."

एवढं लांब बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती आत निघून गेली. स्वयंपाकघरातून पोळपाटावर लाटण्याचा आवाज येत राहिला, जरा जास्तच जोरात.

सुधीरांनी चपला काढल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत गेले नाहीत. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. पुढं काही समजावून सांगितलं नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं. केतकीनं मान वर केली नाही. पण लाटण्याचा आवाज मंदावला.

कंपनीनं आम्हाला निवडलं नाही. मदत एका शाळेच्या कॉम्प्युटरसाठी गेली, आणि त्या शाळेलाही ती हवीच असणार. डॉक्टरांचं तोंड दोन दिवस उतरलं होतं, पण तिसऱ्या दिवशी त्या जेवणाच्या रविवारची यादी करायला बसल्या. मुलांनी भाकरी, बगारा बैंगन, वरण-भात आणि गोडाला जर्दाळूंचा, खुबानीचा मीठा केला. लोक आले ते अंगण भरून गल्लीपर्यंत. माधापूरच्या कंपनीतलेही बरेच जण आपापल्या मुलांना घेऊन आले आणि नळावर रांग लावून ताटं घासून गेले. साहेब नाही आले. त्यांची पत्नी आली, एकटी, आणि डॉक्टरांशी अर्धा तास दार लावून बोलली. कशाविषयी ते मी विचारलं नाही. त्या दिवसाच्या पैशांत चार महिने निघाले. पुढं त्यातलेच काहीजण दर महिन्याला थोडं थोडं पाठवू लागले. घर ओढाताणीत चाललं, पण चाललं.

सुधीर आता रविवारी अलकाबरोबर आत यायचे. केतकी पहिले दोन-तीन रविवार त्यांच्याशी हवापाण्याचंच बोलली. तेही तेवढंच बोलले. कांदे चिरायला बसायचे आणि वाईट चिरायचे.

जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी, निघता निघता, ते तिला म्हणाले, "आजी परवा विचारत होती, केतू सणाला घरी येणार का. मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगू का? की नको?"

केतकीनं विचार केला. घाई केली नाही.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त नंबर लावून द्या."

आम्ही चौघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. सुधीरांनी पुण्याचा नंबर फिरवला, पलीकडं घंटा वाजल्याबरोबर रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि बाहेर येऊन काचेचं दार लावून घेतलं. आत काय बोलणं चाललंय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. अलकानं नवऱ्याचा हात धरला होता. रस्त्यावरून उप्पलची बस गेली, पोरं पतंगाच्या मागं धावत गेली. काचेपलीकडं केतकी पाठमोरी उभी होती. ती बोलली, मग थांबून ऐकत राहिली, मग पुन्हा बोलायला लागली.