चेंबर उतरवताना

धोंडू परबांची वाचा गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. अगदीच गेली असं म्हणता येणार नाही. एक अक्षर मागे राहिलं होतं. ‘ता’. मालवणी माणसाचा ‘ता’ म्हणजे ‘ते’. चहा हवा असला की ‘ता’, पंखा बंद करायचा असला की ‘ता’, उजव्या पायाला मुंग्या आल्या की ‘ता’. कुठला ‘ता’ कशाचा, हे लालबागच्या त्या खोलीत एकट्या अंबिकेला, त्याच्या बायकोला, कळायचं. तिलाही सगळं कळायचं असं नाही, पण शेजारपाजारी तिचं कौतुक करत आणि ती ते करू देई.

झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला हे नशीब, बोलणं येईल हळूहळू. वाचेचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या फळांची चित्रं दाखवत. धोंडू आंब्याकडे बघून ‘ता’ म्हणायचा, केळ्याकडे बघून ‘ता’ म्हणायचा, आणि मग चित्रं दूर सारून भिंतीकडे तोंड करायचा. ज्या माणसानं रे रोडच्या गॅरेजात उभ्या जन्मात शेकड्यांनी लॉऱ्या उघडल्या आणि जोडल्या, त्याला केळं ओळखायला लावायचं, हे अंबिकेलाच बघवत नसे. ती चहा टाकायचं निमित्त करून आत जायची.

तिला काय हवं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. धोंडूनं बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. त्याच्या पिढीतले कोण मारत होते? तो नुसतं ‘गो’ म्हणायचा. जिन्यातून वर येता येता, गॅलरीतूनच, ‘गो, पाणी तापव.’ झोपेत कूस बदलताना, ‘गो, ती खिडकी लाव.’ एवढंसं अक्षर. तेव्हा कधी कधी तिला त्याचा राग यायचा, की मला काय नावगाव नाही? आता दुपारी वामकुक्षीला पडली की गॅलरीतल्या कुठल्याही बाप्याच्या आवाजात तिला ते ऐकू यायचं आणि ती दचकून उठायची. तो कुणी भलताच असायचा, आणि हाक दुसऱ्याच कुणाच्या बायकोला असायची.

मुलगा अवधूत कॅनडात. जमीनमोजणीच्या कामावर. दर रविवारी दिवेलागणीला त्याचा फोन यायचा; तेव्हा त्याच्याकडे सकाळ असे. त्या फोनमध्ये बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, थंडी आहे का, पाऊस आहे का. मग तो म्हणायचा, ‘बाबांना दाखव.’ अंबिका फोन धोंडूसमोर धरायची. बाप-लेक एकमेकांकडे बघायचे. ‘बाबा, बरं आहे ना?’ ‘ता.’ आणि मग दोघंही नजर कुठेतरी वळवायचे.

त्या रविवारी मात्र फोन लागला तेव्हा पडद्यावर अवधूतचं तोंड नव्हतंच. होतं ते गंजलेलं काळं लोखंड, आणि बाजूला कोवळ्या उन्हाचा एक पट्टा.

‘अरे, खंय आसस तू?’ अंबिकेनं विचारलं.

‘गाडीखाली, आई. बाबा आहेत ना? फोन त्यांच्यासमोर नीट टेकवून ठेव. मला त्यांची मदत हवीय.’

त्याची ती गाडी अंबिकेनं फोटोत पाहिली होती. जुनी, उंच, मागे हौदा असलेली. रानातल्या कच्च्या वाटांनी जावं लागतं म्हणून चारही चाकांना जोर असलेली घेतली होती. अवधूत सांगू लागला. तिकडे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठानं इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर कुजलं आणि तेल गळायला लागलं. नवं चेंबर आणलंय. जुनं उतरवायचं आहे. तेल काढून झालं, बोल्टही बहुतेक सुटले, पण ते काही खाली येत नाही.

अंबिकेनं लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन खाटेसमोरच्या स्टुलावर ठेवला आणि धोंडूच्या पाठीमागे उशी सारली. चेंबर म्हणजे काय, ते तिला पडद्यावर पहिल्यांदाच दिसत होतं. इंजिनाच्या पोटाला खालून लावलेली खोलगट परातच ती. आजवर तिचा त्या परातीशी संबंध एवढाच, की तिच्यातलं काळं तेल नवऱ्याच्या शर्टावर यायचं आणि अंबिका ते रॉकेलनं चोळून काढायची.

धोंडू पुढे वाकला होता. कितीतरी महिन्यांत तो असा वाकला नव्हता. डाव्या हाताचं बोट त्यानं पडद्यावर नेलं.

‘ता.’

‘थांब रे झिला, तुझे बाबा कायतरी दाखवतत. मागच्या बाजूक. अंधार आसा बघ थंय.’

विजेरीचा झोत सरकला. मागच्या कोपऱ्यात, तेलाच्या चिखलात, एक बोल्ट तसाच होता.

‘च्यायला! हा राहिलाच होता,’ अवधूत म्हणाला आणि आईसमोर शिवी गेली म्हणून हसला. अंबिकाही हसली. धोंडू हसला नाही. त्याचं लक्ष बोल्टाकडे होतं.

तो बोल्ट सुटला. अवधूतनं पातळ पातं घालून चेंबरची कड हळूहळू सोडवली. धोंडू हात वर करून ठोकल्याची खूण करत होता. ‘हातोडो मार म्हणतत,’ अंबिकेनं सांगितलं. अवधूतनं नाही म्हटलं. वरचं इंजिनाचं बूड मऊ धातूचं आहे, ठोकलं तर चरा जाईल आणि मग जन्मभर गळत राहील. धोंडूनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मग कड सुटली, चेंबर बोटभर खाली आलं आणि अडकलं. खाली पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सल होता, जाड, उंबऱ्यासारखा मध्येच. परात त्याच्यावर बसली, ना पुढे ना मागे.

‘आता हे आडवं आलं,’ अवधूत म्हणाला. तो कुशीवर वळला आणि हातानं ती परात हलवू लागला. आत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

आणि धोंडूचा चेहरा एकदम बदलला.

त्यानं डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटला. एकदा, दोनदा. ‘ता! ता! ता!’

‘काय ओ? पाणी व्हया?’ अंबिका उठली. त्यानं मान झटकली. ‘खंय दुखता? छातीत?’  झटका आला त्या दिवशीही तो असाच काहीतरी दाखवत होता आणि तिला कळलं नव्हतं. चहा हवाय असं समजून ती चहा करत बसली होती. ते तिच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. ‘अवधूत, मी फोन ठेवतंय, त्येंका बरा नाय—’

धोंडूनं तिचं मनगट धरलं. त्या हातात किती जोर उरला होता, हे तिला तेव्हा समजलं. त्यानं तिचा तळहात पालथा केला आणि त्याच्याखाली मूठ उभी धरली. मग ती मूठ काढून घेतली आणि तिचा हात जोरानं खाली दाबला. वर पडद्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. कपाळावरच्या शिरा तटतटल्या. ओठ गोल झाले. घशातून घरघर निघाली आणि त्या घरघरीतून एक अक्षर बाहेर पडलं.

‘गो...’

अंबिका होती तिथेच थांबली. खालच्या गल्लीत मिरच्या कांडायचं यंत्र धडधडत होतं, त्याचाही आवाज तिच्यापुरता बंद झाला. ‘ओ,’ ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. ‘काय ओ? हयसरच आसंय मी.’

‘घो...’ धोंडूनं डोळे मिटले, सगळा जीव जिभेवर आणला. ‘घो-डी.’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘घोडी,’ तो म्हणाला. आता स्वच्छ. ‘घोडी! घोडी!’

तिला हसू आलं की रडू, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ‘घोडी म्हणतत रे ते,’ ती फोनकडे वळून ओरडली. ‘खयची घोडी, माका काय म्हायत! घोडी म्हणतत!’

पलीकडे परातीचा आवाज थांबला होता.

‘आई,’ अवधूत हळूच म्हणाला, ‘बाबा बोलले?’

‘बोलले रे.’

उन्हाचा पट्टा हलला. बूट खरडले. अवधूत गाडीखालून सरपटत बाहेर आला, तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं. तेलानं माखलेलं, दाढी वाढलेली, डोळे बापाचे. तो नुसता जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरला होता; जॅक सटकला असता तर गाडी अंगावर आली असती. जॅक अ‍ॅक्सलखाली होता. गॅरेजातली घोडी म्हणजे काय, ते त्यानंच आईला सांगितलं: गाडी उचलली की तिच्या सांगाड्याखाली लावायचा लोखंडी तिकाटण्याचा टेकू. लहानपणी सुट्टीत तो रे रोडला डबा घेऊन जायचा, तेव्हा घोडी लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालणाऱ्याच्या पेकाटात बाबा लाथ घालायचे, हे त्यानं पाहिलं होतं.

‘आहेत घोड्या, बाबा,’ तो खाली मान घालून म्हणाला. ‘शेडमध्ये आहेत. कंटाळा केला.’

धोंडूनं पुन्हा अंबिकेचा हात घेतला आणि पुन्हा तेच करून दाखवलं. या वेळी ते तिला कळलं, आणि कळलं याचंच तिला नवल वाटलं. ‘ऐक. घोडी वरच्या सांगाड्याक लाव. मगे खालचो जॅक काढून टाक. चाका लोंबकळांदेत. चाका खाली गेली की ता आडवा लोखंड पण खाली जाताला. तुझो जॅकच त्याका वर ढकलता हा रे!’

अवधूत बघतच राहिला. मग शेडकडे पळाला.

घोड्या लागल्या. चाकांना वर धरून ठेवणाऱ्या शॉकअपचे बोल्ट सोडून जॅक उतरवला तसा अ‍ॅक्सल करकरत खाली लोंबला आणि वर हातभर फट पडली. परात तरीही आत कशालातरी अडली. तिथे धोंडूनं पंजा तिरका करून, आधी मागची बाजू खाली, मग डावीकडे वळवून, असं करून दाखवलं. अंबिकेनं ते शब्दांत सांगितलं आणि चेंबर आतल्या तेलाच्या जाळीला चुकवून अलगद अवधूतच्या छातीवर उतरलं.

त्यानं ते कॅमेऱ्यासमोर धरलं. तळाला गंजानं चाळण झाली होती, आत काळा गाळ. धोंडूनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. अवधूतनं गाळ चिमटीत घेतला, चोळला, उन्हात धरला. ‘लोखंडाचा कीस नाही, बाबा. चमकत नाही काही.’

धोंडूनं उशीला पाठ टेकली. इंजिन आतून शाबूत होतं. दमला होता बिचारा. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

तो डोळे मिटून पडला तशी अंबिका फोन घेऊन गॅलरीत आली. ‘काय रे, तुझ्या त्या गावात गॅरेज नाय?’

 अवधूत चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला.

‘आहे,’ तो म्हणाला. ‘दोन आहेत.’

तिनं गॅलरीच्या कठड्याला टेकून फोन जवळ धरला.

‘दर रविवारी त्यांना काय विचारायचं तेच समजत नाही गं, आई. बरं आहे ना, असं कितीदा विचारू? लहानपणी त्यांनी किती वेळा म्हटलं, चल गॅरेजात, शिकवतो. मला त्या तेलाचा वास नको वाटायचा. आता इकडे कुठे तो वास आला ना, की थांबतो.’

‘कधी येतलंस?’

‘इथे कायम राहायचे कागद हातात आले की. ते आल्याशिवाय निघालो तर परत शिरू देणार नाहीत.’

हे तिनं आधीही ऐकलं होतं. तिनं ‘बरा’ म्हटलं. अवधूतला अजून नवं चेंबर चढवायचं होतं, तरी फोन कुणीच ठेवेना. शेवटी त्याच्या बाजूनं तो आपोआप तुटला.

पुढच्या दिवसांत धोंडूकडे दोन शब्द झाले. चहा हवा असला की कधी ‘ता’, कधी ‘घोडी’. शेजारची मेघना हसून लोटपोट व्हायची. वाचेच्या बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, एक दार उघडलं, आता बाकीचे शब्द येतील. अंबिकेनं फळांची चित्रं कपाटावर टाकली.

एका दुपारी खोलीत दोघंच असताना ती त्याच्या जवळ बसली. ‘त्या घोडीतला पयला अक्षर म्हणा,’ ती म्हणाली. ‘नुसता तेवढाच. मगे थांबा.’ का, ते तिनं सांगितलं नाही. तिला लाज वाटली, या वयात. धोंडूनं तोंड उघडलं. ‘घो...’ आणि शब्द पुढे धावलाच, ‘डी.’ त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. बायकोला काहीतरी हवंय आणि ते आपल्याला देता येत नाही, एवढं त्याला कळलं असावं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. अंबिकेनं पदरानं ते टिपलं. ‘ऱ्हवांदे ओ,’ ती म्हणाली. ‘काय घाई नाय.’

गुरुवारी तिनं स्वतःहून अवधूतला फोन लावला. असं ती कधी करत नसे, त्यामुळे तो घाबरलाच. ‘काय झालं, आई?’

‘काय नाय. तुझी गाडी कशी आसा?’

‘मस्त. एक थेंब गळत नाही.’

‘होय?’ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, ‘दुसरा काय बिघडूक नाय मां?’



‘मागच्या ब्रेकचा थोडा आवाज येतो खरा,’ अवधूत म्हणाला.

‘मग आयतवारी उघड की.’

‘उघडतो.’

फोन ठेवून ती आत आली. धोंडू खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. तिनं त्याच्या मांडीवरची चादर सारखी केली आणि समोर स्टुलावर बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला त्याच्या कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. डागांपलीकडे तिला त्यात काही दिसलंच नव्हतं.

‘आयतवारी त्याचे ब्रेक उघडूचे आसत,’ ती म्हणाली. ‘माका आधी सांगून ठेवा. ब्रेक म्हणजे नेमका काय असता ओ?’

धोंडूनं तिच्याकडे नीट बघितलं. मग डाव्या हाताचं बोट चादरीवर टेकवून त्यानं एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत दोन बाजूंना दोन कंस काढले, आणि ती समजली का ते बघायला थांबला. तिला काही समजलं नव्हतं.

‘परत काढा,’ ती म्हणाली आणि स्टूल पुढे ओढलं.