खडकपट्ट्याची किंमत

धक्क्यावर तिला सगळे आकडेबाई म्हणत. मत्स्य खात्यातली नोकरी, खांद्याला पिशवी आणि तोंडात असे प्रश्न, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. डिझेल किती जळलं, बर्फ किती लागला, खलाशांना काय दिलं, मासळी कितीला गेली, हातात काय उरलं. ती लांबून दिसली की बोटमालक फाटक्या जाळ्यात डोकं खुपसून बसत. गप्पू तेवढा हाक मारायचा. त्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसे, म्हणून तो गप्पू.

"या आकडेबाई, बसा. आमची गरिबी मोजायला सरकारनं खास माणूस पाठवलंय, उभं कसं ठेवू?"

आणि हसत हसत तोटा सांगायचा. सगळेच तोटा सांगायचे. बोटमालकांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी सभेत बजावलं होतं, की आज जे तोंडातून जाईल ते उद्या कराच्या नोटिशीतून परत येईल. तेव्हा सगळ्यांनी एका सुरात रडायचं. लोकांना ते पटलं होतं.

तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, त्यातलेच. गेल्या वर्षी त्यांच्या बोटीवर बसून ती माहिती घेत होती, तेव्हा पायाखालच्या नव्या इंजिनाचा रंगही धड वाळला नव्हता.

"भाऊजी, तोटा होता तर हे इंजिन आभाळातून पडलं?"

"तू मेहुणी म्हणून विचारतेस की खातं म्हणून?"

"खातं म्हणून."

"मग तोटा लिही."

"तुमचं नाव कुठे जात नाही हो. करवाल्यांना आम्ही कागद दाखवत नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र करून फक्त सरासरी वर जाते."

भाऊजी हसले. "एकाच इमारतीत बसता तुम्ही. चहा एकाच किटलीतला पिता. आणि म्हणे दाखवत नाही!"

नियम असा होता, की मालक सांगेल ते लिहायचं. शंका वाटली तर खाली शेरा मारायचा. तिने तोटा लिहिला, 'शंकास्पद' असा शेरा मारला आणि पुढच्या बोटीवर गेली. त्या धक्क्यावरच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर तिचा तो शेरा होता.

वर्ष उलटलं. एके दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर समुद्राचा नकाशा पसरलेला होता.

"मासळीला वाढायला उसंत द्यायची तर एक भाग तीन वर्षं बंद ठेवावा लागेल," साहेब म्हणाले. "शास्त्रज्ञ म्हणतात, किनाऱ्याजवळचा खडकपट्टा बंद करा किंवा बाहेरचा खोल भाग, दोन्हींचा गुण सारखाच. मग मी पाहिलं, कुठे बंदी घातली तर लोकांचं नुकसान कमी. तुमच्या आकड्यांनी काम अगदी सोपं केलं बघा."

त्यांनी खडकपट्ट्यावर बोट ठेवलं. "इथल्या बोटींचं डिझेलसुद्धा सुटत नाही. बाहेरच्या भागातल्या बोटी मात्र चांगल्या कमावतात."

खडकपट्ट्यावर भाऊजी जात होते, गप्पू जात होता, धक्क्यावरच्या सगळ्या लहान बोटी जात होत्या. सगळ्यांच्या चुली पेटायच्या त्या या पट्ट्याच्या जिवावर.

"साहेब, ते आकडे खरे नाहीत. लोक कमाई लपवतात. मी शेरे मारलेत."

"शेऱ्यांची सरासरी निघत नाही हो." साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, निर्णय अजून कच्चा आहे. ज्याला माहिती दुरुस्त करायची असेल त्याने मासळीच्या लिलावाच्या पावत्या घेऊन यावं. बंद खोलीत पाहू, कुणाला कळणार नाही. महिनाअखेरपर्यंत जे येतील त्यांचं मी नव्याने मांडतो. पण नुसता तुमचा अंदाज धरून मला नकाशा बदलता येणार नाही."

जिना उतरताना तिला आठवलं, की बाहेरच्या भागात जातात त्या अध्यक्षांच्या मोठ्या बोटी. त्यांच्या हिशेबनीसाने गेल्या वर्षी तिच्यापुढे सगळी कमाई स्वच्छ मांडली होती आणि अध्यक्षांनी पापणीही न हलवता सही केली होती. सभेत इतरांना रडायला सांगणारा माणूस स्वतः खरं बोलून मोकळा झाला होता. मुद्दाम केलं, की मोठा कारभार लपवणं जमत नाही म्हणून केलं, ते त्यालाच ठाऊक. पण त्याच्या समुद्राला किंमत आली आणि यांचा समुद्र कवडीमोल ठरला.

आणि हे तिला कुणाला सांगता येणार नव्हतं. नाव बाहेर जाणार नाही, हा शब्द तिने अध्यक्षांनाही दिला होता.

ती बोटीबोटीवर फिरली. पावत्या घेऊन चला, म्हणाली. बातमी ऐकून लोकांचे धाबे दणाणले, पण कुणी जागचं हललं नाही. अध्यक्षांनी पुन्हा सभा घेतली होती. दुरुस्ती म्हणजे आधी खोटं बोललो याची कबुली. आपण मोर्चा काढू, खातं गुडघ्यावर येईल, असं त्यांनी ठासून सांगितलं होतं. गप्पू तर तिच्यावरच उखडला.

"आधी तुम्हीच लिहून नेलंत, आता तुम्हीच पुसायला सांगता. आम्ही काय शाळेतली पाटी आहोत?"

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. ताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, भाऊजी दारातल्या खुर्चीवर बसले होते. तिने पुन्हा सगळं समजावलं. भाऊजी ऐकत राहिले.

"अध्यक्ष म्हणतात थांबा, तू म्हणतेस चला," शेवटी ते म्हणाले. "तो माणूस वीस वर्षं आमच्यासाठी भांडतोय."

ताईने हात पुसले आणि ती बाहेर आली. "एक सांग. अध्यक्षांनी स्वतः काय लिहून दिलं?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आमच्यासारखाच तोटा लिहिला ना?"

"ताई, ते मला सांगता येणार नाही."

"मला? पाठच्या बहिणीला पाठीवर घेऊन वाढवलं मी. आमची बोट विकायची वेळ आलीय आणि तू मूग गिळून बसणार?"

"कुणाचंच सांगत नाही मी. तुमचं तरी कुणाला सांगितलं का?"

"मोठी आली खात्याची!" ताईचा आवाज चिरकला. "घर बुडालं तरी चालेल, पण हिचा शब्द कोरडा राहिला पाहिजे. ऊठ. आणि सांगायचं नसेल तर पुन्हा ह्या दारात येऊ नकोस."

ती उठली. एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण उद्या धक्क्यावर कुणापुढे बसून ती काय म्हणणार होती? तिने चपला पायात सरकवल्या. भाऊजींनी तिला थांबवलं नाही, पण ते तिच्याकडे टक लावून बघत होते.

घरी येऊन ती जेवली नाही. त्या आठवड्यात तिने दोनदा ताईला फोन लावला. दोन्ही वेळा घंटा वाजून वाजून थांबली.

मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना भाऊजी कार्यालयात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पावत्यांचा गठ्ठा, मासळीचा वास येणारा. मागे आणखी काही मालक होते, धक्क्याच्या उत्तर टोकाचे, भाऊजींच्या आळीतले.

"ताईने पाठवलं?" तिने विचारलं.

"छे! ती तुझं नाव काढू देत नाही." भाऊजींनी पिशवी टेबलावर ठेवली. "मी विचार केला, बहिणीने घराबाहेर काढलं तरी ही पोरगी दुसऱ्याचं बोलली नाही. मग आमचंही बोलणार नाही. हेच या लोकांना सांगितलं. कुठे सही करायची?"

गप्पू त्यांच्यात नव्हता. भाऊजींनी त्याला दोनदा आणायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, मी अध्यक्षांच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

साहेबांनी शब्द पाळला. आकडे नव्याने मांडले. आलेल्या मालकांच्या बोटी बहुतेक खडकपट्ट्याच्या उत्तरेकडे जात, म्हणून उत्तरेच्या अर्ध्या भागाची किंमत एकदम वर चढली. दक्षिणेकडचा भाग कागदावर होता तसाच तोट्यात राहिला. उत्तर भाग उघडा राहिला, दक्षिण भाग तीन वर्षांसाठी बंद झाला. उघड्या भागातही नव्या बोटींना परवाना मिळणार नव्हता. तिथे आधीपासून जाणाऱ्यांनीच जायचं.

मोर्चा निघाला. अध्यक्ष पुढे होते, घोषणा जोरात होत्या. साहेबांनी खाली येऊन निवेदन घेतलं. पुढे काही झालं नाही.

धक्क्यावर मात्र बरंच काही झालं. आकडेबाईने नात्यातल्या माणसाचा समुद्र वाचवला, असं लोक बोलू लागले. कुणीतरी भाऊजींच्या बोटीचे दोर कापले. नळावर ताई आली की बायका बादल्या उचलून बाजूला होत. दक्षिणेला जाणाऱ्या बोटी धक्क्याला नुसत्या डुलत राहिल्या आणि एकेक करत विकायला निघाल्या. गप्पूचीही गेली.

ती साहेबांकडे गेली. "दक्षिणेचे लोक अजूनही पावत्या आणतील. पुन्हा मुदत देता येणार नाही का?"

"आणतील?" साहेबांनी विचारलं. "कुणी म्हणालं तसं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. तिच्याशी आता कुणी बोलतच नव्हतं. ती परत जागेवर येऊन बसली. आपण त्या संध्याकाळी बोललो असतो तर दक्षिणेचे लोकही आले असते का, हा विचार तिला सोडेना. आले असते कदाचित. कदाचित त्यानंतर पुन्हा कुणीच, कधीच खरं सांगितलं नसतं. तिला ठरवता आलं नाही, आणि विचारायला माणूस उरलं नव्हतं.

पुढच्या पाहणीची वेळ आली तेव्हा तिने बदली मागितली. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. "धक्का तुमच्याइतका कुणाला माहीत नाही," एवढंच म्हणाले. ती पिशवी घेऊन निघाली. काहींनी पाठ फिरवली. काहींनी, का कोण जाणे, पावत्या पुढे केल्या.

भाऊजींच्या बोटीवर जाळी नीट करत गप्पू बसला होता. तो आता त्यांच्याकडे खलाशी होता. तिला पाहून त्याने मान खाली घातली आणि एक अक्षरही काढलं नाही. भाऊजींनी तिला बसायला लाकडी पेटी ओढून दिली. डिझेल, बर्फ, दुरुस्ती, एकेक प्रश्न झाला.

"खलाशांची मजुरी?"

भाऊजींनी इतरांची सांगितली, आणि मग एकाची वेगळी. ती मालकाच्या वाट्याच्या बरोबरीने होती. तिने पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"वर हिशेब करताना हे खटकेल, भाऊजी. विचारतील मला."

"विचारू देत. दिलेत तेवढे."

तिने आकडा लिहिला. या वेळी खाली शेरा मारला नाही.

"ताई कशी आहे?"

"बरी आहे." भाऊजी म्हणाले. "अजून नाव काढत नाही. पण काल तुझा फोन वाजला ना, तेव्हा हातात घेऊन उभी होती. उचलला नाही, पण घेऊन उभी होती."

तिने मान हलवली, कागद पिशवीत घातले आणि पुढच्या बोटीकडे चालू लागली.