वेल नाही त्या घरी

"तो चिखल नाही हो बाई, मातीतला खडू आहे. वाळला की नुसता झटकून टाका."

लाल कोटातली बेल्जियन बाई आपल्या पांढऱ्या झालेल्या बुटांकडे बघून हसली. सोलांजही हसली. पाहुण्यांना कुर्वाल गावच्या द्राक्षबागा आणि जुनं चर्च दाखवायचं काम ती कित्येक हिवाळे करत आली होती. हसण्याची जागा तिला पाठ होती.

उतारावरच्या बागा धुक्यात बुडाल्या होत्या. कुठेतरी छाटलेल्या काड्या जाळायची लोखंडी हातगाडी धुमसत होती, आणि तिचा धूर वर न चढता वेलींच्या पायाशीच लोळत होता.

"यातली तुमची बाग कुठली?" बाईने विचारलं.

सोलांजचा हात सवयीने चर्चच्या मनोऱ्याखालच्या तुकड्याकडे उचलला गेला. अर्ध्यावरूनच तिने तो माघारी घेतला आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "चला, आत जाऊ. गारठा वाढलाय."

बाग पानगळीतच विकली गेली होती. वसंतात लुसियाँच्या, तिच्या नवऱ्याच्या, अंगावरून वारं गेलं. मुलगा फाब्रिस शहरात गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "आई, वेली कोण सांभाळणार? तू?" शॅम्पेनच्या एका मोठ्या कंपनीने तुकडा घेतला. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. लुसियाँच्या कानावर मात्र तिने जाऊ दिलं नव्हतं.

कारण यंदा त्याची पाळी होती. द्राक्षवाल्यांचा पाठीराखा संत व्हँसाँ कुर्वालमध्ये चर्चात राहत नाही. जानेवारीत त्याच्या सणाला मूर्ती वाजतगाजत एका बागायतदाराच्या घरी जाते आणि पुढच्या सणापर्यंत तिथेच नांदते. लुसियाँच्या बापाकडे संत आला, तेव्हा लुसियाँ गुडघ्याएवढा होता. तेव्हापासून घरं फिरत फिरत पाळी आता कुठे परत आली होती. आणि गावाचा एकच नेम होता, बापजाद्यांपासूनचा: वेल नाही त्या घरी संत नाही.

पण त्या नेमाचा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. रोज उजाडायच्या आत जपमाळ ओढताना सोलांजला वाटायचं, गाव गप्प आहे म्हणजे गावाचा होकार आहे.

चर्चात तिने पाहुण्यांना आठशे वर्षांपूर्वीचे दगडी खांब दाखवले. खांबांच्या माथ्यावर द्राक्षांचे घड कोरलेले. एक घड अर्धाच राहिला होता.

"पुरा का नाही केला?" कुणीतरी विचारलं.

"कोण जाणे. माणसाचं काहीतरी झालं असेल," ती म्हणाली, आणि त्यांना तिथेच माना वर करून उभं सोडून बाजूच्या खोलीत गेली.

तिथे बागायतदारांचा अध्यक्ष रेजिस मूर्तीला फिती बांधत होता.

"ये सोलांज. बघ, आमचा म्हातारा कसा दिसतो? नाक नवं रंगवून घेतलं. बेर्तोकडे होता ना, त्याच्या पोरांनी वर्षभर चुलीपाशी ठेवून त्याचा पार टोमॅटो केला होता."

"छान दिसतो. आमच्याकडे कोपरा तयार आहे. पांढरं कापड घातलंय."

रेजिसची बोटं थांबली. "तुला कुणी सांगितलं नाही?"

"कुणी म्हणजे? अध्यक्ष तू!"

"मला वाटलं, तुझं तुलाच कळलं असेल. यंदा पेरार्देंकडे जातोय."

"एक वर्ष, रेजिस. वर्ष कसलं, ईस्टर तरी बघेल की नाही लुसियाँ."

"माझ्या सख्ख्या बहिणीला नाही म्हटलंय मी. तिनेही बाग विकली होती. आज तुला हो म्हटलं, तर तिला काय तोंड दाखवू?"

"तू आणि लुसियाँ एका बाकावर बसून शिकलात."

"म्हणून तर घरी येऊन सांगायचं धाडस झालं नाही," तो फितीकडे बघत म्हणाला.

सोलांजने मूर्तीच्या पायाला हात लावला, छातीवर क्रूस काढला. रोज काही ना काही मागणारी ती बाई. आज तिला मागणं सुचलं नाही.

घरी माडीवर लुसियाँ खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून होता. नर्सने दाढी करून दिली होती. "काय गं म्हातारे," त्याची जीभ अजून जड होती, "उद्या मिरवणुकीला वाटायचे गोड पाव सांगितलेस ना? भरपूर सांग. नाहीतर गाव म्हणेल, लुसियाँ मेला तरी चिक्कूच."

ती कोट न काढताच पलंगाच्या कडेला बसली. "लुसियाँ, तो येणार नाही. बाग विकली आम्ही. मी आणि फाब्रिसने."

"माहीत आहे."

तिने मान वर केली.

"या खिडकीतून मला दुसरं दिसतं काय? महिनाभर आपल्या ओळींतून धूर निघतोय. तू इथे मला सूप भरवतेस, पोरगा गॅरेजात. मग छाटतोय कोण? संत व्हँसाँ?"

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू गप्प आहेस, मीही गप्प बसावं. कुणीच विषय काढला नाही, तर गाव विसरेल आणि तो येईलही."

तिने त्याचा निर्जीव हात मांडीवर घेतला. कोपऱ्यातलं पांढरं कापड तिने तसंच राहू दिलं.

सकाळी बँड वाजत आला. मूर्तीच्या मागून बागायतदारांची कुटुंबं चालत होती, पोराबाळांसकट. सोलांज यंदा पाहुण्यांबरोबर फुटपाथवर उभी होती, आपल्याच घरासमोर. मूर्ती तिच्या दारावरून थेट पुढे गेली. रेजिस खाली बघत चालला होता.

"वरती ते कोण?" लाल कोटवालीने हळूच विचारलं.

माडीवरची खिडकी सताड उघडी होती. लुसियाँ धडपडत तिच्या चौकटीशी आला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती आणि विरळ केस वाऱ्यावर उडत होते.

"माझे यजमान," सोलांज म्हणाली.

मिरवणूक पेरार्देंच्या गल्लीत वळली. पाहुणे बँडच्या मागे निघाले. ती तिथेच थांबली. वर लुसियाँने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, एका हाताने. पहिल्या खेपेला ती नीट बसली नाही.