मागचं डावं टायर

फौजेत ड्रायव्हर असलेले गुंडातात्या निवृत्तीनंतरही दर रविवारी ऐटीत गाडीची टायरं तपासत. आज मिरजेला निघताना त्यांनी मागच्या डाव्या टायरावर काठी आपटली आणि बायकोला ऐकवलं, "बघ, हे एकच कसं झिजलंय! तुजी हक्काची जागा ही. जरा भात कमी कर."

विजयमालाबाईंनी पदर खोचला आणि पुढच्या उजव्या टायराशी वाकून आतल्या बाजूनं हात फिरवला. सुटलेल्या पोटामुळं तात्यांना तिथवर वाकणं कधी जमलंच नव्हतं. आत रबर झिजून तारा उघड्या पडल्या होत्या.

"आवं, हितं कोण बसतं?"

तात्या घुटमळले. "त्ये... चाकाची अलाइनमेंट बिघडली असंल."

"व्हय का? माजं झिजलं तर वजन, आन् तुमचं झिजलं तर अलाइनमेंट!"